दोन पायऱ्या चढलेलं तळं

"के रे? के ढिल छुँडछे?"

दगड कोण मारतंय, असं घोषालदादू, म्हणजे घोषाल आजोबा, तळ्याच्या घाटावरून ओरडत होते. घाटावर त्यांच्याखेरीज मी एकटीच असल्यामुळे प्रश्न कुणाला आहे याबद्दल शंकेला जागा नव्हती. दादूंचा आवाज असा, की ते कलकत्त्यातल्या आमच्या बालीगंजात खोकले तर सियालदा स्टेशनात गाड्या थांबायच्या. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहायचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि गेली अकरा वर्षं इमारतीमागच्या तळ्यातला एक कातला मासा पकडायच्या खटपटीत होते. त्या माशाला ते 'मोशाय' म्हणायचे, म्हणजे महाशय. मोशायचं वजन दादूंच्या मते पंधरा किलो, माझ्या मते साठ. रोज पहाटे वेताची खुर्ची, कानटोपी, गळाची लांब काठी आणि एक वही घेऊन ते घाटावर बसायचे. पाण्यावर मोराच्या पिसाच्या देठाचा फातना तरंगत असायचा. तो बुडाला की समजायचं, खाली कुणीतरी गळाला तोंड लावलं. त्या रविवारी सकाळी तो फातना बुडत नव्हता. तो चालला होता. घाटाकडे येत होता, परत जात होता, पुन्हा येत होता, जणू त्याला काही विसरल्यासारखं झालं होतं.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कचोऱ्या आणि जिलब्या घेऊन येत होते. डिसेंबरातलं धुकं, नाताळाचा दुसरा दिवस, वारा म्हणून नाही. नारळाची एक झावळी हलेल तर शपथ. आणि तळ्याचं पाणी सावकाश वर आलं. उसळून नाही, लाट होऊन नाही. झोपलेल्या माणसाची छाती वर येते तसं. घाटाच्या दोन पायऱ्या ते चढलं, दादूंच्या चपला भिजवल्या, आणि मग तितक्याच सावकाश खाली गेलं. खाली जाताना जन्मात न पाहिलेल्या, हिरव्या बुळबुळीत दोन पायऱ्या उघड्या पडल्या. मग पुन्हा वर. मी जागची हलले नाही. वाचकहो, दोनच पायऱ्या. शाळेत मी त्या सात सांगितल्या, मधल्या सुट्टीपर्यंत सतरा झाल्या होत्या आणि शेवटच्या तासाला त्यात एक मगर आली होती, हे कबूल आहे. पण इथे दोनच. माझ्या उभ्या आयुष्यात मी न फुगवता सांगितलेला हा एकमेव आकडा आहे, तेव्हा तो जपून ठेवा.

दादूंनी वहीत काहीतरी खरडलं, मग वही मिटून माझं मनगट धरलं आणि तिन्ही जिने चढवून मला आमच्या दारात उभं केलं. दार बाबांनी उघडलं. अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता. दादूंनी हिंदी, बंगाली आणि इंग्रजी यांची मिसळ करून तक्रार सांगितली: अकरा वर्षांत पहिल्यांदा मोशायनं आमिषाला तोंड लावलं होतं, आणि तुमच्या या मुलीनं दगड मारून पाणी ढवळलं.

"मी नाही मारले," मी म्हणाले. "तळंच हललं."

"आपोआप?" बाबा म्हणाले.

"आपोआप."

बाबांनी माझ्या हातातला पानांचा द्रोण घेतला, उघडून पाहिला. "कचोऱ्या दहा सांगितल्या होत्या. सहा आहेत."

"चार कावळ्यानं नेल्या."

"असं. कावळ्यानं चार कचोऱ्या नेल्या, आणि तळं आपोआप हललं."

इथे माझी बाजू थोडी कमकुवत होती हे मान्य करायला हवं. घरात माझी ख्याती काही बरी नव्हती. अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयातला वाघ ट्रामच्या दुसऱ्या वर्गातून तिकीट न काढता जाताना मी पाहिला होता. आमच्या भूगोलाच्या बाईंनी शिकवता शिकवता खडू गिळला होता आणि पुढे तासभर त्यांच्या तोंडातून पांढरी वाफ येत होती. हे सगळं मी याच दारात, याच बाबांना सांगितलेलं होतं. बाबा सोलापूरचे, बँकेत अधिकारी, आणि बँकेतल्या माणसाचा एक स्वभाव होऊन जातो: एका सहीवर त्यांच्याकडे काहीही चालत नाही. दुसरा कुणीतरी बघून, पडताळून, खाली सही करतो तेव्हा ती गोष्ट घडली असं धरतात. माझ्या बोलण्याखाली दुसरी सही करायला कुणीच नव्हतं. दुसरा साक्षीदार होता तोच फिर्यादी.

निकाल उभ्याउभ्याच लागला. दादूंची माफी मागायची, दगड मारले म्हणून कबूल करायचं. तोपर्यंत पुरीच्या फॉर्मवर सही होणार नाही.

हा फॉर्म म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. वसंत पंचमीच्या सरस्वतीपूजेनंतर आमची नववीची सहल पुरीला जायची होती, आणि मी समुद्र पाहिलेला नव्हता. माझी आई वेंगुर्ल्याची. तिचं अर्धं बोलणं समुद्राचं. कलकत्त्याच्या बाजारात जगातला प्रत्येक मासा मिळतो आणि तिला एकही पसंत नसायचा. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मीठ विसरलेली आमटी, असं ती मासेवाल्याच्या तोंडावर मराठीत म्हणायची आणि तो प्रसन्न होऊन हसायचा. पण बाबांच्या सुट्ट्या सोलापूरच्या वाट्याला जायच्या, वेंगुर्लं राहून जायचं. चौदा वर्षांची, अर्धी कोकणी मुलगी, आणि समुद्र फक्त आईच्या तोंडून ऐकलेला. फॉर्म मी चार महिने उशीखाली घेऊन झोपले होते. त्याचा कागद माझ्या डोक्याच्या आकाराचा झाला होता.

त्याच दिवशी दहा-अकराच्या सुमाराला टीव्हीवर बातम्या यायला लागल्या. आई मटार सोलत होती. अंदमान, चेन्नई, नागपट्टण, मग आणखी दूरची नावं. समुद्र तळातून हलला आणि किनाऱ्यावर आला, असं सांगत होते; सुनामी हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा त्या दिवशी उच्चारला गेला. सोललेले आणि न सोललेले मटार आईच्या मांडीवर एकत्र झाले आणि तिला कळलं नाही. त्या दिवसाबद्दल मी एक शब्दही फुगवणार नाही. शेजारचे येऊन उभ्यानंच पाहत होते, कुणी बसायला तयार नव्हतं.

मला मात्र एकच दिसत होतं. बातमीत समुद्र हलल्याची वेळ सकाळी साडेसहाची होती, मी घाटावर होते तेव्हाचीच. मी बाबांच्या बाहीला धरलं. "बाबा, तळं."

"समुद्र कुठे, बालीगंज कुठे," बाबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. थोड्या वेळानं माझ्याकडे वळले. "माणसं गेली आहेत मंजू. आणि तू अजून तळ्याचं घेऊन बसलीस."

हे मला लागलं. खोटं म्हटलेलं लागायचं नाही, त्याची सवय होती. पण माणसं गेली असताना मी गंमत करते आहे असं बाबांना वाटावं, हे लागलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांना सुनामीनं झपाटलं. सोलापूरच्या माणसाला पाणी म्हणजे नळाला दिवसाआड येतं ते. ते उलट अंगावर चालून येतं ही कल्पनाच त्यांना सहन होईना. माझा शाळेचा नकाशा त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरला, आईचा शिलाईचा दोरा घेतला, आणि बालीगंजपासून गंगेच्या, म्हणजे इकडच्या हुगळीच्या, वळणावळणानं समुद्रापर्यंत तो दोरा चिकटवत नेला. नदीला इतकी वळणं, की दोरा संपला आणि आईच्या परकराची नाडी जोडावी लागली. उत्तर आलं शंभरावर किलोमीटर. तेवढ्यानं माणसाला झोप लागायला हवी. बाबांना लागेना. नदी तोंडाशी उघडीच आहे ना, म्हणायचे. मग ते तळमजल्यावर दादूंकडे गेले. दादू मुलीवर रुसले होते, बापाशी बोलायला त्यांची हरकत नव्हती. दादूंनी समजावलं, की मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी भिंतीसारखं नदीतून वर येतं, त्याला इकडे 'बान' म्हणतात, आणि बान येतोय असा पुकारा झाला की नावाडी नावा काठाला ठेवत नाहीत, मधोमध नेतात. खोल पाण्यात नाव नुसती वर-खाली होते, काठाला मात्र फुटते. बाबा हे ऐकून वर आले आणि आईला म्हणाले, "म्हणजे धोका काठालाच असतो. मधोमध काही नाही."

"मग आपण हुगळीच्या मधोमध राहायला जायचं का?" आई म्हणाली.

पण बाबा शिकत होते, आणि मी लपून त्यांच्या मागोमाग शिकत होते. ब्रिटिश लायब्ररीच्या कपाटांपासून रद्दीच्या दुकानापर्यंत ते सगळीकडे जाऊन आले. मातीचा त्रिभुज प्रदेश, खाडीतलं तिवरांचं जंगल, तोंडाशी उथळ समुद्र, यामुळे लाट आमच्यापर्यंत येईतो थकून जाईल. आमच्या शहराला खरी भीती वादळाच्या पाण्याची आणि तुंबलेल्या गटारांची, असं त्यांचं मत झालं. मग म्हणाले, पण कलकत्त्याचा माणूस कलकत्त्यात राहतो कुठे? चार दिवस सुट्टी मिळाली की दिघा, नाहीतर पुरी. तो स्वतःहून लाटेच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि वर मुडी, म्हणजे कुरमुरे, खातो. तेव्हा त्यालाच शिकवलं पाहिजे. आणि त्यांनी एक कार्ड तयार केलं, बँकेच्या हिंदी टायपिस्टकडून मराठीत टाइप करून घेतलेलं. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर कुणाच्या सांगण्याची वाट बघू नका, उंचावर जा. उंच जागा नसेल तर पक्क्या इमारतीचा वरचा मजला. पहिली लाट सगळ्यांत मोठी असेलच असं नाही, मागची येऊ शकते, तेव्हा लगेच खाली उतरू नका. आणि समुद्र एकाएकी दूरवर मागे सरला तर बघत उभे राहू नका, किनाऱ्याकडे पाठ करून पळा.

हे शेवटचं वाक्य बाबांनी मोठ्यानं वाचलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"मागे सरला तर पळा?" ती म्हणाली.

"हो. तो परत यायच्या तयारीत असतो."

आई पोळपाटाकडे बघत म्हणाली, "आम्ही लहानपणी ओहोटीची वाट बघायचो. पाणी जितकं आत जाईल तितक्या जास्त तिसऱ्या शिंपल्या मिळायच्या. टोपल्या घेऊन धावायचो." मग म्हणाली, "समुद्र एवढा मागे गेला असता ना, तर गावातल्या सगळ्या बायका-पोरं आत धावली असती. मी सगळ्यांत पुढे." तव्यावरची पोळी जळली. त्या दिवसापासून आईनं बाबांची चेष्टा बंद केली. ते कार्ड तिनं स्वयंपाकघराच्या दाराला पिठानं चिकटवलं, आणि मला रोज शाळेत जाताना ते पाठ म्हणायला लावायची, मनाच्या श्लोकांसारखं.

आता मी चाळिशीला आले आहे, न्यू टाउनात चौदाव्या मजल्यावर राहते आणि गुडघे मात्र सत्तरीचे आहेत. आता आपल्या समुद्राचंही एक लक्ष ठेवणारं केंद्र आहे, इशारे फोनवर येतात, किनाऱ्यांवर भोंगे बसलेत, गावांत सराव होतात. तेव्हा यातलं काही नव्हतं. तेव्हा आमच्या घरात एक कार्ड होतं आणि एक बाप.

फॉर्म द्यायची शेवटची तारीख जवळ यायला लागली. एका संध्याकाळी मी ठरवलं. काय मोठं? एक वाक्य म्हणायचं: दादू, मी दगड मारले, चुकले. बाबांची अट पुरी, समुद्र माझा. मी तळमजल्यावर जाऊन घंटी दाबली. दादू दारात आले, चष्मा कपाळावर, हाताला मोहरीच्या पेंडीचा वास. मोशायचं आमिष मळत होते. "बोल," ते म्हणाले. मी तोंड उघडलं. वाक्य आलंच नाही. आयुष्यभर मी फुकटात खोटं बोलत आले होते. वाघ सोडले, मगरी सोडल्या, कुणी मागितलं नव्हतं तरी. आणि ज्या एका खोट्याच्या बदल्यात अख्खा समुद्र मिळत होता, तिथे जीभ टाळ्याला चिकटली. दोन पायऱ्या, दोन हिरव्या पायऱ्या डोळ्यांसमोर उघड्या पडल्या होत्या.

"मोशायला नमस्कार सांगा," मी म्हणाले आणि वर पळाले.

मग संक्रांत आली. कलकत्त्यातल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू त्या वर्षी आमच्या घरी होतं. बँकांतल्या, रेल्वेतल्या, लष्करातल्या बदलीवाल्यांच्या बायका, दर तीन वर्षांनी निम्मे चेहरे नवे. तिळगूळ आई इकडच्या खजुराच्या गुळाचा करायची. तो लाडू असा सुगंधी, की वळून ठेवले की तळमजल्यावरून दादूंच्या नाकाचा आवाज यायचा. प्रश्न होता वाणाचा. प्रत्येकीला ओटीत काय द्यायचं? आईच्या मनात प्लास्टिकचे डबे होते. बाबा म्हणाले, "शिट्टी द्या."

"काय?"

"शिट्टी. माणूस ढिगाऱ्यात अडकला, पाण्यात अडकला, तर ओरडून ओरडून घसा जातो. शिट्टी लांब ऐकू जाते. शिट्टी आणि कार्ड. वर्षभर पर्समध्ये राहील. डबा काय वाचवणार आहे कुणाला?"

एरवी आईनं त्यांना डब्यात घातलं असतं. पण त्या तिसऱ्या तिच्या मनातून गेल्या नव्हत्या. चाळीस शिट्ट्या आल्या, लाल दोरीच्या. साऱ्या बृहन्महाराष्ट्राच्या इतिहासात संक्रांतीला शिट्ट्या लुटणारी माझी आई पहिली आणि, कार्यक्रमाचा शेवट पाहता, बहुधा शेवटची.

बाबा आतल्या खोलीच्या दारात उभं राहून कार्ड वाचून दाखवत होते. बायका हातात तिळगूळ घेऊन ऐकत होत्या, अगदी गंभीरपणे; प्रत्येकीनं त्या बातम्या पाहिल्या होत्या. फोर्ट विल्यमहून आलेल्या घोरपडेकाकू, कर्नलसाहेबांच्या, माझ्याच शेजारी बसल्या होत्या. बाबा म्हणाले, "कलकत्त्याला त्या दिवशी काही जाणवलं नाही," आणि काकू एकदम म्हणाल्या, "असं कसं? आमच्या बागेतल्या कमळांच्या हौदाचं पाणी कठड्यावरून बाहेर आलं की. माळी म्हणाला, बाईसाहेब, हौद डुलतोय."

हीच ती. दुसरी सही. आणि त्याच क्षणी जोशीकाकूंच्या धाकट्या मुलीनं आपल्या आईच्या ओटीतली शिट्टी काढून फुंकली. मग तिच्या बहिणीनं. मग चालते का पाहू म्हणून एका काकूंनी, मग चाळीसच्या चाळीस. खिडक्यांची तावदानं थरथरली, रस्त्यावरचा वाहतूक पोलीस आमच्याकडे पाहायला लागला, समोरच्या बसनं ब्रेक मारला, आणि शेजारच्या इमारतीतले लोक गॅलऱ्यांत आले. मी ओरडत होते, "बाबा, काकू काय म्हणतायत ऐका!" आणि बाबा कानावर हात ठेवून ओरडत होते, "आत्ता नाही, खऱ्या वेळेला, खऱ्या वेळेला!" ज्या माणसाला एका साक्षीदाराची गरज होती, त्याच्या कानापर्यंत साक्ष पोचू नये म्हणून त्यानं स्वतः चाळीस शिट्ट्या वाटल्या होत्या.

आईनं मात्र ऐकलं होतं. ती काकूंच्या दुसऱ्या बाजूला बसली होती.

बायका गेल्यावर, अजून कपाळावर हळदीकुंकू असताना, आईनं स्वयंपाकघरात पाट मांडला, त्यावर कणकेची मोठी परात ठेवली आणि ती काठाच्या बोटभर खालीपर्यंत पाण्यानं भरली. "इकडे या," तिनं बाबांना हाक मारली. पाटाला तिनं दोन्ही हातांनी भराभर झटके दिले. पाणी नुसतं थरारलं, बारीक बारीक सुरकुत्या. मग तिनं पाट सावकाश पुढे ढकलला, सावकाश मागे ओढला, पुन्हा पुढे. झोपाळ्यासारखं. तिसऱ्या खेपेला पाणी एका बाजूनं चढलं, मग दुसऱ्या, आणि पाचव्या खेपेला काठ ओलांडून बाबांच्या पायांवर आलं. आईनं हात काढले. पाट थांबला, पाणी डुलतच राहिलं.

"घोरपडेवहिनींचा हौद असाच डुलला म्हणे," आई म्हणाली. "जमीन अशी सावकाश हलली असेल. आपल्याला अंथरुणात कळलं नाही, पाण्याला कळलं."

बाबा खाली वाकून बघत होते. त्यांनी स्वतः पाट धरून पुन्हा करून पाहिलं. मग पुन्हा. मी आणि आई त्यांच्याकडे पाहत होतो. फरशीवर तळं साचलं होतं. "हे परातीचं झालं," शेवटी ते म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता. "हौदाचंही झालं. तळ्याचं कुणी पाहिलंय?"

आई उठली. ताटलीत पाच तिळगूळ घेतले आणि खाली गेली. दहा मिनिटांनी ती वर आली तेव्हा मागून दादू येत होते, लाल कापडी पाठीची लांबट वही काखेत धरून.

त्या वहीत दादू रोजच्या गळाची नोंद ठेवत: हवा, पाणी, आमिष, मोशायची वर्तणूक. गणिताचे मास्तर, न लिहिलेली गोष्ट त्यांच्या दृष्टीनं घडलेलीच नसायची. या बाबतीत ते आणि बाबा सख्खे भाऊ शोभले असते. खुर्चीवर बसून त्यांनी पान काढलं आणि बंगालीतलं वाचून हिंदीत सांगायला लागले, मी ते मराठीत देते. "धुकं. वारा नाही. आमिष, मोहरीची पेंड आणि आंबवलेला भात. मोशायनं तोंड लावलं. तिसऱ्या मजल्यावरची मराठी मुलगी दगड मारते आहे. मुलगी दोन्ही हातांत कचोरी घेऊन खाते आहे." इथे दादू थांबले. पुढची ओळ त्यांनी आधी मनात वाचली. "मुलीला वर पोचवून आलो. पाणी अजून चढतं-उतरतं आहे. मोशाय गेला."

त्यांनी चष्मा काढला. "मी रागात लिहिलं. लिहिलं सगळं, वाचलं नाही," ते म्हणाले. "मुलगी वर होती तेव्हाही पाणी हलत होतं. आणि दोन्ही हातांत कचोरी असताना दगड कोणत्या हातानं मारला?"

 मग बाबा हळूच म्हणाले, "दोन्ही हातांत कचोरी."

"हो," दादू म्हणाले. "चांगल्या चार खाल्ल्या."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. ज्या कागदानं माझं तळं खरं ठरवलं, त्याच कागदानं माझा कावळा मारला. मी परातीकडे बघत राहिले.

दादूंनी खिशातलं पेन काढून 'मुलगी दगड मारते आहे' ही ओळ खोडली. आणि बाबा, चाळीस शिट्ट्यांनी न हललेले माझे बाबा, अभावितपणे पुढे झाले. "खोडलं तिथे सही करा," ते म्हणाले. दादूंनी केली. मग बाबांनी पेन घेतलं आणि त्याखाली स्वतःची केली, बँकेतली, पूर्ण, शेपटासकट. माझ्या आयुष्यातल्या एका वाक्याला त्या दिवशी दोन सह्या मिळाल्या. दादू जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मोंजू, रागवू नको. मोशाय पण खोटं बोलतो."

मी धावत जाऊन उशीखालून फॉर्म आणला. बाबांचं पेन अजून उघडं होतं. त्यांनी फॉर्म वाचला, पुन्हा वाचला, पाठ पण पाहिली, तिच्यावर काही नव्हतं. मग पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं. "बघू," म्हणाले आणि गॅलरीत गेले.

मला काही कळेना. माफीची अट उरली नव्हती. दोन दिवस ते 'बघू'वरच होते. शेवटच्या दिवशी सकाळी आईनं फॉर्म माझ्या हातातून घेतला, पिठाच्या हातानं सही केली आणि माझ्या गळ्यात लाल दोरीची शिट्टी अडकवली. "तिला ते कार्ड तोंडपाठ आहे," ती बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "समुद्राच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा शहाणी आहे आता."

पुरीला मी समुद्र पाहिला. पण आधी आम्ही उतरलो त्या लॉजचा जिना मी शोधला, गच्चीचं दार उघडतं का पाहिलं, पायऱ्या मोजल्या, आणि मगच वाळूवर गेले. आमच्या बाईंना वाटलं मला वर काही दिसलं. समुद्राचं वर्णन मी करणार नाही, माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. एवढंच सांगते, प्रत्येक लाट मागे जाताना माझा हात आपोआप शिट्टीवर जायचा, आणि ती जेवढी जायची तेवढीच परत आली की खाली यायचा. चार दिवस मी वर बघत, खाली बघत, मोजत होते, आणि इतकी खूश होते की रात्रीचं जेवण मला आठवतच नाही.

परतीची गाडी हावड्याला लागली तेव्हा बाबा फलाटावर होते. गाडी वेळेवर होती, ते त्याच्या तासभर आधीपासून. टॅक्सीत बसल्याबरोबर मी सुरू झाले: लाट हावडा ब्रिजएवढी, तिच्या टोकावर बसलेला कोळी, त्याच्या हातात विडी पेटलेली. बाबा ऐकत होते. एकदाही 'असं' म्हणाले नाहीत. माझ्या हातावर, शिट्टीवर, पायांवर नजर फिरवत होते, मोजून घेतल्यासारखी. टॅक्सी पुलावर चढली. खाली नदी, तिच्यात मधोमध नावा.

"बाबा," मी विचारलं, "दादूंची सही झाली होती, तुमची झाली होती. मग फॉर्मवर का नाही केलीत?"

"मला पोहता येत नाही," बाबा म्हणाले.